मलेशियातल्या तोक बिदान आणि आपल्या सुईणी

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीतला पारंपरिक औषधोपचारांवरचा लेख वाचला. लेखकाची कळकळ पोहोचली, पण या ज्ञानाची एकदा नीट नोंद झाली की ते पुढच्या पिढ्यांसाठी राहील, हे त्यांचं म्हणणं मला पटलं नाही. मी पस्तीस वर्षं सरकारी आरोग्य सेवेत परिचारिका होते. त्यातली बरीच वर्षं जत तालुक्यातल्या उपकेंद्रांवर गेली. तरी या प्रश्नाची खरी बाजू मला कळली ती मलेशियात, निवृत्तीनंतर. पत्र थोडं लांबेल, सांभाळून घ्यावं.

2019 मध्ये मुलीच्या बाळंतपणासाठी मी चार महिने शाह आलमला होते. क्वालालंपूरजवळचं हे शहर. जाताना डिंक, अळीव, बाळंतशोपा, बाळगुटीची पुरचुंडी असं सगळं नेलं होतं. मुलगी रुग्णालयातून घरी आली आणि तिसऱ्या दिवशी शेजारच्या मलय बाईंनी विचारलं, "बिदान कोण येणार आहे?" मालिश करणारी बाई असेल असं समजून मी म्हटलं, तुमच्या ओळखीची असेल तर बोलवा. आल्या त्या सत्तरी ओलांडलेल्या, डोक्यावरून रुमाल घेतलेल्या, हातात वेताची टोपली. सगळे त्यांना 'तोक बिदान' म्हणत. तोक म्हणजे आजी, बिदान म्हणजे सुईण.

दारातूनच त्यांनी विचारलं, पोटावर टाके आहेत का? मला बाई तिथेच आवडल्या. सिझेरियन झालेल्या बाईचं पोट त्या शेकत नाहीत.

मलय बाळंतिणीचा पथ्यकाळ 44 दिवसांचा. त्याला 'पंतांग' म्हणतात. आपला सव्वा महिना आणि वर चार-सहा दिवस. गवती चहा, केवड्याच्या जातीची पांदान, हळदीची पानं घालून उकळलेल्या पाण्यानं अंघोळ. मग मालिश. मग 'तुंग्कू', म्हणजे तापवलेला गुळगुळीत दगड, पानांत आणि फडक्यात गुंडाळून ओटीपोटावर फिरवायचा. पानं बारतोंडीची, जिचा रस हल्ली आपल्याकडे नोनी म्हणून विकतात. शेवटी 'बंग्कुंग', कित्येक मीटर लांबीचा पट्टा, कमरेपासून बरगड्यांपर्यंत गाठी मारत बांधायचा. माझ्या आजीनं मला लुगड्याच्या पट्टीनं पोट बांधलं होतं, पण असं गाठीवर गाठ नव्हे. खाण्यात मिरी, आलं, हळद, भाजलेला मासा. काकडी, कलिंगड बंद, कारण ते थंड. हे उष्ण-थंडाचं गणित मला कुणी समजावून सांगावं लागलं नाही.

एके दिवशी त्यांनी टोपलीतून एक करडं, गोल, खडबडीत फळ काढलं. 'मंजाकानी' म्हणाल्या. मी उठले आणि माझी पुरचुंडी उघडून त्यांच्यासमोर धरली. आपल्या बाळगुटीतलं मायफळ! ते खरं तर फळही नव्हे. तुर्कस्तान-इराणकडच्या ओक झाडावर किड्यामुळे धरणारी गाठ. ते झाड ना मलेशियात उगवतं ना आपल्याकडे. कोणत्या तरी शतकात जहाजांतून आलं आणि दोन समुद्रांच्या काठावरच्या आज्यांनी ते आपापल्या कामाला लावलं. त्या ते बाळंतिणीला देतात, आपण बाळाला उगाळून चाटवतो. धण्यांना त्या 'केतुंबार' म्हणाल्या तेव्हा मला कोथिंबीरच ऐकू आली. आम्ही दोघी एकमेकींची भाषा न कळता तासभर पुड्या सोडत बसलो. मात्र बाळाला काही चाटवायला त्यांनी नकार दिला. तिथे प्रत्येक नवजात बाळाची जी-सिक्स-पी-डी या रक्तातल्या घटकाची तपासणी होते. ज्या बाळात हा घटक कमी असतो त्याला काही औषधांनी आणि पाल्यांनी कावीळ वाढून धोका होऊ शकतो. परवानगी डॉक्टरची, माझी नाही, असं त्यांनी हातानंच सांगितलं. माझी बाळगुटी मी डब्यात ठेवून दिली.

ही समज आपोआप आलेली नाही. मलेशियात गावोगावच्या सुईणींची सरकारनं नोंदणी केली, त्यांना प्रशिक्षण दिलं, आणि हळूहळू कामाची वाटणी झाली. प्रसूती सरकारी दाईकडे किंवा रुग्णालयात, आणि नंतरची मालिश, शेक, पट्टा गावच्या बिदानकडे. माता-मृत्यू झपाट्यानं कमी झाले, तरी बिदान घराबाहेर काढली गेली नाही. रुग्णालयं आजही मलय कुटुंबाला बाळाची वार घरी नेऊ देतात. ते ती धुऊन, फडक्यात बांधून जमिनीत पुरतात. 2007 मध्ये पेनांग राज्यातल्या कपाला बातास इथल्या सरकारी रुग्णालयात पारंपरिक उपचारांचा पहिला विभाग निघाला. जुनाट दुखण्यांसाठी आणि पक्षाघातानंतर मलय मालिश तिथे रीतसर मिळते. 2016 मध्ये पारंपरिक आणि पूरक वैद्यकाचा कायदा झाला. त्यात मलय वैद्यक हे आपल्या आयुर्वेद-सिद्ध आणि चिनी वैद्यकाच्या शेजारी बसलं.

नोंदीही झाल्यात. 'किताब तिब' नावाची जुनी वैद्यक हस्तलिखितं जावी लिपीत आहेत, म्हणजे अरबी अक्षरांत लिहिलेली मलय. शाळांतून रोमन लिपी आली आणि नातवंडांना आजोबांची वही वाचता येईना. मोडीचं आपल्याकडे काय झालं ते ज्यांच्या माळ्यावर ट्रंकेत कागद पडलेत त्यांना विचारा. राष्ट्रीय ग्रंथालय आणि केपोंगची वनसंशोधन संस्था यांनी अशी हस्तलिखितं वाचून रोमन लिपीत आणली. हे मोठं काम आहे, याबद्दल माझ्या मनात आदरच आहे. आपण स्वतः 1997 मध्ये हळदीचं अमेरिकी पेटंट रद्द करवलं ते जुन्या लेखी पुराव्याच्याच बळावर, डॉ. माशेलकरांच्या काळात. कागद चोरापासून वाचवतो, हे मला मान्य आहे.

पण तोक बिदानची नात तिथे रोज सोबत येई, तिची गोष्ट ऐका. बाळंतीण-सेवेचा अभ्यासक्रम तिनं पूर्ण केलेला, प्रमाणपत्र हाती. क्रम तिला पाठ होता, पानांची नावं आजीपेक्षा जास्त ठाऊक होती. पहिल्या आठवड्यात तिनं तुंग्कू फिरवायला घेतला तेव्हा आजी काही बोलली नाही. फक्त आपला हात नातीच्या हातावर ठेवला आणि दाबला. इथे इतकं. मग थोडं वर सरकून, इथे इतकं नाही. गर्भाशय कुठे आहे, किती आकसलंय, ते हातानं कळतं, हे मी परिचारिका म्हणून जाणते. आम्हालाही ते वरिष्ठ सिस्टरनं असंच शिकवलं होतं. कुठल्याही किताबात ते लिहिता येणार नाही, जावीत नाही आणि रोमनमध्येही नाही.

या विद्येला ते 'इल्मू' म्हणतात, आपला इल्म तोच. पूर्वी ती मागावी लागे. शिकणाऱ्यानं गुरूच्या घरी राबायचं, विधीचा छोटा नजराणा द्यायचा, मग परवानगी मिळायची. अनेक घरांत ती एकाच मुलाला किंवा मुलीला दिली जाई, म्हणून ते एक मूल शहरात नोकरीला गेलं की दोर तुटला. तोक बिदानची मुलगी बँकेत आहे. नात मध्ये आली नसती तर तो दोर तिथेच संपला असता. उत्तरेकडच्या केलांतान राज्यात तर नाच-गाण्यातून आजाऱ्याला बरं करणाऱ्या 'माइन पुत्री' या विधीवर नव्वदच्या दशकात बंदीच आली होती. धर्माला ते मान्य नव्हतं. तो वाद त्यांचा आहे, मी त्यावर बोलणार नाही. पण पंचवीस-तीस वर्षं एखादी गोष्ट लपूनछपून करावी लागली की शिकायला कोण बसणार?

आता माझं. ऐंशीच्या दशकात आम्ही जत तालुक्यात सुईणींची पाच-पाच दिवसांची प्रशिक्षणं घेतली. त्यांना ब्लेड, दोरा, साबण असलेली पेटी दिली. नाळेला शेण लावू नका, विळ्यानं कापू नका, हात धुवा. ते सांगायलाच हवं होतं, त्यानं बाळं वाचली. पण त्या पाच दिवसांत एकदाही मी त्यांच्यापैकी कुणाला विचारलं नाही की बाई, तुम्ही काय करता, कसं करता? एक म्हातारी सुईण आडवं बाळ पोटावरून हात फिरवून ओळखायची. आमच्या डॉक्टरांनी दोनदा पडताळून पाहिलं, दोन्ही वेळा तिचं बरोबर. मी ते हसण्यावारी नेलं. ती गेली, आणि तिच्याजवळ कुणीही बसलेलं नव्हतं. हे मला आजही टोचतं.

म्हणून लेखकांना आणि जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागाला माझी विनंती आहे. गावोगावच्या जैवविविधता नोंदवह्यांत वनस्पतींची नावं भरा, जरूर भरा. पण त्याबरोबर ज्या थोड्या सुईणी आणि वैदू हयात आहेत त्यांच्याजवळ एकेक तरुण मुलगी सहा महिने, मानधन देऊन बसवा. घातक ते काढून टाकायला डॉक्टर आहेतच. मलेशियात नातीला प्रमाणपत्र आणि आजी दोन्ही मिळाल्या. आपण फक्त प्रमाणपत्रावर थांबू नये.

त्या वेळच्या प्रशिक्षणातल्या दोघी सुईणी अजून आहेत, असं मला गेल्या महिन्यात कळलं. एकीची नात आशाताई म्हणून काम करते. दिवाळीनंतर मी तिच्याकडे जाणार आहे, आजीजवळ बसशील का म्हणून विचारायला.

आपली,
एक निवृत्त परिचारिका, सांगली जिल्हा