मंगळवारच्या बैठकीआधी

औसा

चि. वैशालीस,
अनेक आशीर्वाद.

रविवारी तू फोन ठेवलास तेव्हापासून जेवण गोड लागेना. "पुस्तकात आहे तेवढं शिकव, नसत्या भानगडीत पडू नको," असं मी बोलून गेलो. तुझी आई दोन दिवस माझ्याशी बोलत नाही. तू पोरांना प्रश्न विचारायला शिकवतेस म्हणून मंगळवारी होणाऱ्या बैठकीबद्दल लिहायचंच नाही, असं ठरवून बसलोय.

तुझ्या लेकरांचा अजिंठ्याचा प्रश्न मला फार आवडला. 1819 साली जॉन स्मिथनं लेणी शोधली म्हणतात, मग शेजारच्या लेणापूरच्या लोकांना ती ठाऊक नव्हती का? बत्तीस वर्षं मी फळ्यापुढं उभा राहिलो, असं कुणी विचारलं नाही. खरं म्हणजे मी विचारू दिलं नाही.

पण माय, पोरं घरी जाऊन बापालाच "हे तुम्हाला कसं कळलं?" विचारायला लागली तर बाप चिडणारच. परक्या गावात भाड्याच्या खोलीत एकटी राहतेस. मुख्याध्यापक आज तुझ्या बाजूनं आहेत. सरपंच बोलायला लागले की राहतील का? आवाज चढवू नको. पोरांनाही सांग, मोठ्यांना विचारताना आधी त्यांचं पुरतं ऐकून घ्यायचं, मग... बघ, लागलो शिकवायला. राग मानू नको.

एक गोष्ट तुला कधी सांगितली नाही. 1992 च्या ऑक्टोबरात किल्लारीकडं जमीन हादरायची. मी सातवीला भूगोल शिकवत होतो : दख्खनचं पठार जुनं, टणक, स्थिर. मागचा एक पोरगा उठला. "गुरुजी, स्थिर आहे तर आमच्या घरातली उतरंड कशानं पडली?" मी म्हणालो, "परीक्षेत लिहायचं ते पुस्तकात आहे. बस खाली." कोयनेचा 1967 चा भूकंप मला माहीत होता. तरी त्याला बसवलं.

पुढच्या वर्षी 30 सप्टेंबरला, गणपती बोळवून लोक झोपलेले. पहाटे चार वाजायच्या आत दगडमातीची घरं माणसांवर बसली. तो पोरगा वाचला. पत्र्याच्या शेडात शाळा भरली तेव्हा पुढच्या रांगेत बसायचा, मी सांगेन ते मुकाट्यानं उतरवून घ्यायचा. पुन्हा त्यानं काही विचारलं नाही. मी रोज वाट पाहायचो.

भूकंपाच्या नकाशात आपला भाग तेव्हा सगळ्यात कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. 2002 साली तो पट्टाच नकाशातून काढून टाकला. हे बैठकीत सांग. नकाशा करणारे काही खोटारडे नव्हते, त्यांना तोवर तेवढंच कळलं होतं. पोरांना हेच तर दाखवतेस ना तू? माझ्यापेक्षा तुला नीट सांगता येईल.

पण एकटी जाऊ नको. अंगणवाडीच्या ताईंना सोबत घे. नाहीतर मी येऊ का? सकाळी सहाची एसटी आहे. मागं बसेन, तोंड उघडणार नाही. आईला विचारलं, तर दोन दिवसांनी पहिल्यांदा बोलली : "वैशाली नको म्हणाली तरी जा."

तुझे,
अण्णा