वरची खोली आणि पोरांचा बँड

तीर्थरूप आई-बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

गल्लीतली चार पोरं आपल्या बडोद्याच्या, दांडिया बाजारातल्या घराची वरची खोली त्यांच्या पंक बँडच्या रविवारच्या तालमीला मागताहेत, आणि बाबांना आवाजाची धास्ती आहे. मला मनापासून वाटतं, खोली द्यावी. पण नीट लावून द्यावी.

बाबा, पंक म्हणजे रॉक संगीताचाच एक वेगवान, साधा प्रकार. तो कर्कश्श वाटला तरी त्याची बांधणी तुम्हाला लगेच उमगेल. गिटारवर बहुतेक वेळा फक्त षड्ज आणि पंचम वाजतात, गंधार गाळलेला असतो. अँप, म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणारं यंत्र, मुद्दाम आवाज फाटेल इतका चढवलेला असतो. त्यात गंधार आला की नाद गढुळतो, सा-प मात्र भरीव राहतो. बोटांची तीच ठेवण वर-खाली सरकवत अख्खं गाणं होतं, म्हणून नवशिकी पोरंही लवकर कार्यक्रमाला उभी राहतात. न्यूयॉर्कच्या रामोन्स या पंक बँडने 1976च्या पहिल्या रेकॉर्डमध्ये 14 गाणी अर्ध्या तासाच्या आत संपवली. 1974 साली जमलेला हा बँड 1996पर्यंत वाजवत राहिला, 2,200च्या वर कार्यक्रम केले. त्यांचा गायक आणि गिटारवाला कित्येक वर्षं एकमेकांशी बोलतसुद्धा नव्हते!

बडोद्यात बँड टिकणं आणखी अवघड. दारूबंदीमुळे पब नाहीत, म्हणजे दर आठवड्याला वाजवायची जागा नाही. नवरात्रात तर साउंडवाल्यांचं सामान गरब्याला गेलेलं असतं. कार्यक्रम असे मोजके, त्यामुळे बँड जगतो तो तालमीवर. तबला-पेटी शिकायला आपल्या गावात 1886पासून गायनशाळा आहे, आणि रियाज घरी होतो. ड्रमचा रियाज घरी कोण करू देणार?

भिंतीला अंड्यांचे ट्रे चिकटवू देऊ नका. त्यांनी खोलीतला घुमारा थोडा कमी होतो, बाहेर जाणारा आवाज थांबत नाही, शिवाय ते पटकन पेट घेतात. आवाज आधी फटींतून निसटतो. दाराखाली गोधडीची घट्ट वळी लावा, खिडकीला आतून 18 मि.मी.चं प्लायवुड आणि कडेने रबराची पट्टी. खोली कोंदेल, म्हणून दर पाऊण तासाला वाजवणं थांबवून दार उघडायचं.

खाली आईच्या खोलीत धप्पधप्प येईल ती पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमची, आणि ती जमिनीतून येते. भिंतीला गाद्या टेकवून तिला काही फरक पडत नाही. ड्रमखाली आधी जाड रबरी मॅट, त्यावर प्लाय, त्यावर सतरंजी. सतरंजी नसली तर ड्रम ठोक्यागणिक पुढे सरकतो. ड्रमच्या आत जुनी कापसाची उशी ठेवायची, ज्या पडद्यावर ठोका पडतो त्याला जेमतेम टेकेल अशी. दाबून भरली तर आवाज मरतो, आणि वाजवणारा आणखी जोरात हाणतो.

विजेचं मात्र काहीही झालं तरी आधी. वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्या, आणि सगळे अँप व माइकचा मिक्सर एकाच बोर्डावर लावा. एखाद्या प्लगला अर्थिंग नसेल, तर गिटार हातात असताना माइक ओठांना लागला की झटका बसू शकतो, आणि तो जिवावरही बेतू शकतो. अँप घूंऽ करतो म्हणून पोरं प्लगची अर्थिंगची पिनच काढून टाकतात. ते आपल्या घरात चालणार नाही, हे पहिल्याच दिवशी सांगा.

कानात फोमचे बोळे सगळ्यांनी घालायचे. 100 डेसिबलचा आवाज दिवसाला 15 मिनिटांपलीकडे कानाला सोसत नाही, आणि बंद खोलीत ड्रम त्याच्याही वर जातो. पावसाळ्यात गिटारी तिथे ठेवू नयेत, तारा गंजतात.

वेळ 4 ते 6, म्हणजे आईची दुपारची झोप मोडणार नाही. कुणाची परीक्षा असो, कुणी रुसलेलं असो, रविवार चुकवायचा नाही. एक आला नाही तर तिघांनी वाजवायचं.

पैशांसाठी वेगळा डबा करा. दरमहा प्रत्येकी 200 रुपये, त्यातून तारा, ड्रमच्या काठ्या, फाटलेले पडदे. गिटार ज्याची त्याची. पण माइक, मिक्सर डब्यातून, आणि कुणी किती दिले ते लिहिलेलं हवं. बँड मोडतात ते बहुधा ‘मिक्सर कुणाचा’ यावरून. बाबा, ही वही तुम्ही ठेवा. तुमच्या अक्षरातल्या हिशेबावर कुणी वाद घालणार नाही.

वायरमन येऊन गेला की बोर्डाचा फोटो पाठवा, मी बघते. तोवर पोरांना सामान वर चढवू देऊ नका.

तुमची,
लेक