पाण्यात टिकतात त्या उभ्या रेषा

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र आणि सोबतची तीन छायाचित्रे मिळाली. रात्री शटर चार मिनिटे उघडे ठेवूनही कारखान्याचे पाण्यातले प्रतिबिंब आरशासारखे उमटले नाही, ही तुझी तक्रार वाचून मला माझीच सुरुवात आठवली. एक्स्पोजर, म्हणजे शटर उघडे राहण्याचा वेळ, जितके लांब तितके पाणी शांत, असे मीही कित्येक रात्री मानत आलो होतो. प्रत्यक्षात शटर पाण्याला शांत करत नाही. त्या अवधीत उठलेल्या प्रत्येक तरंगातले प्रतिबिंब ते एकावर एक साठवत जाते आणि अखेरीस आपल्या हाती त्या साऱ्यांची सरासरी येते. आरसाच हवा असेल, तर वारा पडण्याची वाट पाहावी लागते, आणि त्यासाठी कोणत्याही कॅमेऱ्याला बटण नाही.

ही सरासरी मात्र सर्व दिशांना सारखी नसते, आणि तुझ्या छायाचित्रांचे मर्म मला तिथेच दिसते. काठावरून आपण पाण्याकडे तिरके पाहतो. त्यामुळे आपल्याकडे किंवा आपल्यापासून दूर कललेला तरंग प्रतिबिंबाला वर-खाली बराच सरकवतो, तर डावी-उजवीकडे कललेला तरंग त्याला बाजूला जेमतेम हलवतो. चिमणी किंवा मनोरा वर-खाली सरकला तरी स्वतःवरच सरकतो, म्हणून त्याच्या कडा टिकतात. आडवे पाइप, कठडे आणि कन्व्हेयरचे पूल मात्र पुसले जातात, आणि दिव्याचा एवढासा ठिपका प्रकाशाचा लांब खांब होऊन बसतो. तुझ्या दुसऱ्या छायाचित्रात वर आडव्या पाइपांचे जंजाळ असताना खाली केवळ चार उभे पट्टे उरले आहेत. तू त्याला फसलेले म्हणतोस. मला तिन्हींत तेच सर्वांत आवडले. पाण्याने स्वतः निवड केली आहे, असे वाटते.

ट्रायपॉड मात्र आणखी खाली घे. पाण्यावर सरळ वरून पडणाऱ्या प्रकाशापैकी सुमारे 2 टक्केच परावर्तित होतो, पण तो जितका तिरका पडेल तितके हे प्रमाण वाढत जाते. पोलरायझर, म्हणजे चमक कमी करणारा फिल्टर, काढून ठेव, कारण आपण जे टिपायला गेलो तेच तो खाऊन टाकू शकतो. फोकस पाण्याच्या पृष्ठभागावर न करता त्या वास्तूवरच कर; प्रतिबिंब लेन्सच्या दृष्टीने पाण्याच्या पातळीवर नसते, ते वास्तूइतकेच दूर असते. हे मला पटायला फार वेळ लागला होता.

वेळेचा हिशेब सोपा आहे. अ‍ॅपर्चर (लेन्सचे छिद्र) तेच ठेवून आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) 6400 वर अर्ध्या सेकंदाची चाचणी घे. ती ठीक उतरली, तर आयएसओ 100 वर 64 पट, म्हणजे 32 सेकंद लागतील. कॅमेऱ्यातील नॉइज रिडक्शन (लांब एक्स्पोजरमधले दाणे कमी करण्याची सोय) सुरू असेल, तर तो तेवढाच वेळ पुन्हा घेतो, हे वारा पडलेल्या मोजक्या क्षणांत विसरू नकोस. आकाश पूर्ण काळे होण्याआधीच पोहोच. सूर्यास्तानंतरच्या निळ्या उजेडात मनोऱ्यांची बाह्यरेषा उठून दिसते, पुढे नुसते दिवेच उरतात आणि ते जळून पांढरे पडतात.

तिसऱ्या छायाचित्रातली वाफ ठेवावी की कापावी, असे तू विचारले आहेस. मायकेल केन्ना या छायाचित्रकाराने इंग्लंडमधील रॅटक्लिफ वीजकेंद्राची, तिथल्या आठ कूलिंग टॉवरांची (पाणी थंड करणाऱ्या, वाफ सोडणाऱ्या काँक्रीटच्या मनोऱ्यांची), वर्षानुवर्षे जाऊन कृष्णधवल छायाचित्रे काढली. ती जमेल तेव्हा शांतपणे पाहा. लांब एक्स्पोजरमध्ये वाफ आपला आकार सोडून आकाशाचाच भाग होते आणि काँक्रीट मात्र जिथल्या तिथे राहते. ते केंद्र 30 सप्टेंबर 2024 रोजी बंद झाले. आता तिथे कोणीही गेले तरी ती वाफ मिळणार नाही. म्हणूनच तुझ्या तिसऱ्या छायाचित्रातली वाफ कापून टाकू नकोस, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

पुढच्या खेपेस त्याच जागेवरून 30 सेकंदांचे एक आणि चार मिनिटांचे एक, अशी दोन छायाचित्रे घे आणि न सुधारता मला पाठव. दुसऱ्यात खालचे खांब किती लांबले आहेत, ते मला मोजून पाहायचे आहे.

तुझा,
जुना मित्र