एकाच भुलीत दोन्ही का होत नाही?

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य

स. न. वि. वि.

डिसेंबरात अधिवेशनासाठी आपण नागपुरात याल, तेव्हा निवेदनांचे गठ्ठे येतीलच. त्यात माझा कागद तळाशी जाऊ नये म्हणून उघडपणे लिहितोय.

माझी मोठी बहीण उमरेडकडची. शेतमजुरी करते. सोनोग्राफीत तिला पित्ताशयात खडे निघाले आणि बेंबीचा हर्नियाही. नागपुरातल्या एका दवाखान्यात (नाव घेत नाही) महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून फेब्रुवारीत दुर्बिणीनं पित्ताशय काढलं. हर्निया तसाच ठेवला. त्याचं ऑपरेशन जुलैत, ऐन निंदणाच्या दिवसांत. पुन्हा रक्त, पुन्हा ईसीजी, पुन्हा भूल, पुन्हा जड उचलायला बंदी. दोन हंगामांची मजुरी गेली ती वेगळीच.

“एकदमच करून टाका ना,” असं ताई पहिल्याच दिवशी म्हणाली होती. सर्जनचीही ना नव्हती. पण काउंटरवर उत्तर मिळालं, “एका फाइलवर एकच बसते.”

दुर्बिणीच्या ऑपरेशनात पोट कार्बन डायऑक्साइडनं फुगवतात आणि कॅमेऱ्याची नळी बहुधा बेंबीपाशीच आत घालतात. ताईचा हर्निया तिथंच होता! भूल चढलेली, पोट फुगलेलं, कॅमेरा आत. आणि तिथून परत फिरायचं. हे तंत्र काही कालचं नाही. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. टेहेम्टन उडवाडिया यांनी १९९० मध्ये दुर्बिणीनं पित्ताशय काढलं होतं. पित्ताशयासोबत हर्निया, कधी अंडाशयाची गाठ, एकाच बैठकीत करणारे सर्जन नागपुरातही आहेत.

सगळ्यांचं एकत्र करावं असं माझं म्हणणं नाही. पित्ताशयात पू असेल तर शेजारी हर्नियाची जाळी बसवणं धोक्याचं. हृदयरोग्याला लांबलेली भूल झेपेलच असं नाही. पण हे डॉक्टरांनी ठरवावं, फाइलनं नव्हे.

महात्मा फुले योजनेसोबत राज्यात एकत्र चालणाऱ्या आयुष्मान भारतच्या नियमांत एका बैठकीतल्या अनेक शस्त्रक्रियांची सोय आहे: सर्वांत महागड्या पॅकेजचे (एका ऑपरेशनसाठी दवाखान्याला मिळणाऱ्या ठरलेल्या रकमेचे) १०० टक्के, दुसऱ्याचे ५०, तिसऱ्याचे २५. म्हणजे एकत्र केलं तर दवाखान्याला दुसऱ्याचे निम्मे मिळणार आणि चार महिन्यांनी वेगळं केलं तर पूर्ण. मी कुणावर आरोप करत नाही, पण हा हिशेब काउंटरवरच्या माणसालाही येतो.

म्हणून एवढंच करा. एकाच रुग्णाच्या पोटाची दोन ऑपरेशनं सहा महिन्यांच्या आत वेगवेगळी झाली, तर दुसऱ्या फाइलवर सर्जनकडून कारण लेखी घ्या. आणि दोन्ही एकदम करता येतात, हे आरोग्यमित्राच्या (दवाखान्यात योजनेची माहिती देणाऱ्या माणसाच्या) टेबलासमोर मराठीत, मोठ्या अक्षरात लावा.

ताईच्या दोन्ही डिस्चार्ज कार्डांच्या प्रती आपल्या कार्यालयाकडे वेगळ्या पाठवतोय. फेब्रुवारीच्या कार्डावर निदानाच्या रकान्यात दोन्ही आजार लिहिलेले आहेत.

आपला,
एका रुग्णाचा भाऊ, नागपूर