ठोसेघर धबधबा सहल, रविवार २ ऑगस्ट : सूचना

सर्व सभासदांना नमस्कार.

बस साताऱ्यातल्या पोवई नाक्यावरून सकाळी बरोबर ६.३० ला सुटेल, ६.१५ पर्यंत या. बोगदा, सज्जनगड फाटा, ठोसेघर असा मार्ग आहे. घाटात वळणं बरीच, त्यामुळे गाडी लागत असेल त्यांनी गोळी निघण्याआधी अर्धा तास घ्यावी.

लवकर निघण्याचं कारण गर्दी. पावसाळी रविवारी दहानंतर त्या अरुंद रस्त्यावर गाड्या अडकतात.

- मोठा धबधबा समोरच्या प्रेक्षागॅलरीतूनच पाहायचा. दरीत धुकं भरलं की काहीही दिसत नाही, फक्त आवाज येतो. लगेच परत फिरू नका. वाऱ्याने धुकं हलतं आणि पूर्ण धार दिसते. यासाठी तिथे दीड तास ठेवला आहे.
- कठडा ओलांडायचा नाही, फोटोसाठीसुद्धा नाही. काठावरच्या काळ्या कातळावर शेवाळ असतं, चांगल्या बुटांचीही पकड सुटते.
- प्रवाहात उतरायचं नाही. वर पठारावर जोराचा पाऊस झाला की इथे ऊन असतानाही पाणी एकाएकी वाढतं. पाणी गढूळ झालं किंवा काटक्या-पाला वाहून येऊ लागला, तर काठापासून ताबडतोब मागे या.
- छत्री नको, वाऱ्यात उलटते. रेनकोट, खाचांच्या तळव्याचे बूट, कोरड्या कपड्यांचा जोड आणि मोबाईलसाठी प्लॅस्टिकची पिशवी आणा.
- माकडं आहेत. खाऊ पिशवीबाहेर काढू नका.

नाश्ता आपल्यातर्फे; दुपारचा डबा आणि पाणी प्रत्येकाने आणावं. लहान मुलांचा हात पालकांनी पूर्ण वेळ धरायचा.

दुपारी ३ ला परत निघू. नावं गुरुवारपर्यंत कळवा.