‘लाय’, ‘ले’ आणि आपले ‘होते’

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या इंग्रजी व्याकरणाच्या सदरात ‘लाय’ या क्रियापदाची रूपे ‘लाय, ले, लेन’ अशी दिली, अर्थ ‘आडवे होणे, पडून राहणे’ असा दिला आणि विषय संपवला. रूपे बरोबरच आहेत. पण मुले अडखळतात ती याच्या पुढे. तेच ‘ले’ हे ‘ठेवणे, अंथरणे, अंडी घालणे’ या अर्थाचे स्वतंत्र क्रियापदही आहे आणि त्याची रूपे ‘ले, लेड, लेड’. शिवाय खोटे बोलणारा ‘लाय’ आहेच, त्याचे ‘लाइड’.

हे नुसते पाठ करून टिकत नाही. मी वर्गात फळ्यावर आधी मराठी लिहीत असे: पडणे-पाडणे, गळणे-गाळणे, मरणे-मारणे. आतला स्वर बदलला की आपसूक होणारी क्रिया कोणीतरी केलेली होते. ‘लाय’ आणि ‘ले’ ही तशीच जोडी. ‘राइझ-रेझ’ आणि ‘सिट-सेट’ त्याच घराण्यातल्या. म्हणून कर्म असेल तर ‘हॅड लेड’, नसेल तर ‘हॅड लेन’. जन्मापासून इंग्रजी बोलणारेही इथे सर्रास चुकतात, हे कळल्यावर मुलांना फार बरे वाटे!

पूर्ण भूतकाळाचे दुखणे मात्र आपल्या घरचे. ‘काल दुपारी मी जरा आडवी झाले होते’ हे मराठीत अगदी सहज वाक्य आहे. त्याचे ‘आय हॅड लेन डाउन यस्टरडे’ केले, की इंग्रजी वाचक ‘बरं, मग?’ म्हणून वाट पाहत राहतो. इंग्रजीतल्या ‘हॅड’ला भूतकाळातलाच दुसरा क्षण लागतो, ज्याच्या आधी ही गोष्ट घडली. तो त्याच वाक्यात हवा असे नाही, मागच्या वाक्यात आला तरी चालतो. ‘ते पत्र सापडले तेव्हा दहा वर्षे खणात पडून होते’ इथे ‘द लेटर हॅड लेन’ शोभते. दुसरा क्षण नसेल तर साधे ‘आय ले डाउन’ पुरे. ते दिसते वर्तमानकाळासारखे, म्हणून मुले बिचकतात आणि उगाच ‘हॅड’ जोडतात.

पुढच्या वेळी रूपांच्या तक्त्याखाली अशी दोन-तीन मराठी-इंग्रजी वाक्ये शेजारी शेजारी छापावीत, ही विनंती.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका