ओपन स्पेसच्या बागेबद्दल, फीनिक्सहून

फीनिक्स, ॲरिझोना
१२ फेब्रुवारी

तीर्थस्वरूप नाना यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

कॉलनीच्या ओपन स्पेसला बाग करायचं ठरलं आणि तिची देखभाल तुमच्याकडे आली, हे काकूंनी फोनवर सांगितलं. इथल्या वसाहतींमध्ये हे काम कसं चालतं ते नीट लिहून पाठव असं तुम्ही म्हणालात, म्हणून सगळं एका कागदावर आणते. कमिटीत वाचून दाखवायलाही बरं पडेल.

इथला पाऊस वर्षाला १८० ते २०० मिलिमीटर, जळगावला सातशेच्या आसपास. पण उन्हाळा थेट भुसावळचा. २०२३ च्या जूनअखेरपासून सलग ३१ दिवस इथला पारा ४३ अंशांच्या वर गेला होता. इतक्या उन्हात बाग जळते ती पाणी कमी पडून, असं सगळ्यांना वाटतं. बहुतेक वेळा कारण उलटं असतं. माळी रोज थोडं थोडं पाणी देतो, ते वरच्या चार बोटांत राहतं, मुळं तिथेच फिरत राहतात आणि मे महिन्यात तीच चार बोटं माती तव्यासारखी तापते. नाना, एवढी एकच गोष्ट कमिटीच्या गळी उतरली तरी निम्मं काम झालं.

इथे पाण्याचं माप वेळेवर धरत नाहीत, खोलीवर धरतात. हंगामी फुलं आणि जमिनीवर पसरणाऱ्या वेलींना एक फूट, झुडपांना दोन फूट, झाडांना तीन फूट. पाणी तिथपर्यंत पोचलं का, हे एका गजाने कळतं. दहा मिलिमीटरचा गुळगुळीत गज घ्या, सळईसारखा पीळ नको. साडेतीन फूट कापा, वर आडवी मूठ वेल्ड करून घ्या आणि टोक थोडं घासून बोथट ठेवा. पाणी दिल्याच्या दुसऱ्या दिवशी तो झाडाखाली, पाल्याच्या घेराच्या कडेला, सरळ दाबायचा. ओल्या मातीत तो हाताच्या वजनाने उतरतो आणि कोरडी माती लागली की थांबतो, ठोकला तरच पुढे जातो. जिथे थांबला तिथे बोट धरून बाहेर काढा आणि टेपने मोजा. दोन तास ठिबक चालवून गज दीड फुटावर अडला, तर पुढच्या वेळी चार तास चालवून पुन्हा दाबून बघा. दोन-तीन खेपांत त्या भागाचं पाणी सोडणाऱ्या व्हॉल्व्हची वेळ सापडते आणि मग ती वर्षभर बदलायची नसते. बदलायचं असतं मधलं अंतर. इथली ओसाडीतली झाडं मोठी झाली की उन्हाळ्यात दहा ते वीस दिवसांनी पाणी घेतात, झुडपं सात ते दहा दिवसांनी. हिवाळ्यात हे अंतर दुपटी-तिपटीने वाढतं, पण प्रत्येक वेळचं पाणी तेवढंच खोल जातं. काळ्या जमिनीत एक सावधगिरी ठेवा. ती भेगाळली की पाणी भेगेतून सरळ खाली जातं आणि गज फसवतो. भेगा पडण्याआधीच पाळी द्या.

ठिबक तुमच्या हातचं आहे, त्यामुळे त्याचं वेगळं काय लिहू? जळगावातच ते देशभर पोचवणारी कंपनी उभी राहिली. तरी केळीचं ठिबक आणि बागेचं ठिबक यांत एक मोठा फरक आहे. केळीचा खोड-पिलाचा हिशेब दीड-दोन वर्षांत संपतो, कडुनिंब चाळीस वर्षं वाढत राहतो. लावताना ड्रीपर, म्हणजे थेंब सोडणारी तोटी, रोपाच्या बुंध्याशी ठेवतात ते बरोबरच आहे, पण पाच वर्षांनीही तो तिथेच असतो. मुळं तोवर घेराच्या कडेपर्यंत आणि पुढेही गेलेली असतात. इथे झाड सुकलं म्हणून तक्रार आली की आधी हेच बघतात. म्हणून दरवर्षी फेब्रुवारीत ड्रीपर बाहेर सरकवा आणि वाढवा. झुडपाला दोन बाजूंना तासाला चार-चार लिटरचे दोन पुरतात, मोठ्या झाडाला घेराच्या कडेने सहा ते दहा लागतात. कितीही लहान रोप असलं तरी एकच ड्रीपर नको, तो चोंदला की रोप गेलं. झाडं आणि झुडपं एकाच व्हॉल्व्हवर घेऊ नका. एकाची तहान भागवताना दुसरं बुडतं, आणि हे पुढे दुरुस्त करायचं म्हणजे सगळं उकरावं लागतं.

ठिबकचा दाब इथे रेग्युलेटर लावून चौरस सेंटिमीटरला पावणेदोन ते दोन किलोवर बांधलेला असतो. आपल्याकडे शेतात एक ते दीड किलोवर चालवतात, तेही चालेल. फिल्टर महिन्याला धुवायचा, लॅटरलची, म्हणजे ड्रीपर बसवलेल्या नळ्यांची, टोकं दोन-तीन महिन्यांनी उघडून पाणी स्वच्छ येईपर्यंत सोडायचं. बोअरचं पाणी जड असेल तर ड्रीपरच्या तोंडाशी पांढरी खपली धरते, त्यावर ॲसिडची प्रक्रिया तुम्ही केळीला करताच. जड पाण्याचं दुसरं दुखणं मातीत दिसतं. क्षार साचतात आणि पानांची टोकं व कडा तपकिरी होतात. माळी ते बघून आणखी वरवर पाणी मारतो आणि दुखणं वाढतं. वर्षातून दोनदा नेहमीच्या दुप्पट वेळ पाणी चालवून क्षार मुळांच्या खाली ढकलावे लागतात. आपल्याकडे एक खेप पावसाळाच करून देतो.

आता लॉन. कमिटीला हिरवळ हवी असणार हे मला माहीत आहे. इथे उन्हाळी लॉन म्हणून जे गवत मिरवतं ती आपली हरळीच आहे, तिचीच बारीक पानाची संकरित जात. शेतात आपण जिला कुळवून, वेचून, वाळवून दमतो, ती उन्हाला पुरून उरते म्हणूनच इथे निवडली. पण हिशेब आधी मांडा. जुलैत इथल्या हरळीला आठवड्याला साधारण ५० मिलिमीटर पाणी लागतं, मे महिन्यात जळगावला याहून फार कमी लागणार नाही. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर म्हणजे एक लिटर. म्हणजे एका गुंठ्याला आठवड्याला पाच हजार लिटर, दहा गुंठ्यांना पन्नास हजार, दहा हजार लिटरचे पाच टँकर. वाघूर धरणाचं पिण्याचं पाणी यावर ओतणं मला पटत नाही. मुलांना खेळायला दोन गुंठे हरळी ठेवा, तीही दिवसाला सहा-आठ तास ऊन मिळतं तिथेच, कारण कडुनिंबाच्या सावलीत ती विरळ होऊन संपते. बाकी जागेत झाडं, झुडपं आणि खाली दोन इंच बारीक खडी किंवा मुरूम. इथे नव्या वसाहती असंच करतात.

त्या दोन गुंठ्यांना स्प्रिंकलर लावाल तर दोन गोष्टी सांभाळा. एका नोझलचं पाणी शेजारच्या नोझलपर्यंत पोचलं पाहिजे, मधे मोकळी पट्टी राहिली की तिथे पिवळा डाग ठरलेला. आणि दाब दोन किलोच्या वर गेला तर पाण्याचं धुकं होतं, निम्मं वाऱ्याने रस्त्यावर जातं. पाणी सारखं पडतं का ते बघायला उभ्या कडांच्या दहा वाट्या लॉनवर मांडा, पंधरा मिनिटं चालवा आणि पट्टीने मोजा. फवारा नोझलने नऊ-दहा मिलिमीटर भरायला हवं. एका वाटीत दहा आणि दुसरीत चार आलं तर वेळ वाढवू नका, नोझल साफ करा, तिरकं झालेलं सरळ करा. वेळ वाढवली तर चारवाली जागा कशीबशी भागते आणि दहावाली कुजते. दर तीन दिवसांनी वीस मिलिमीटर द्यायचं म्हणजे अर्धा तास झाला. चिकण माती ते एका दमात पीत नाही, गटारात सोडते. म्हणून आठ-आठ मिनिटांचे चार हप्ते, मधे तासभर विश्रांती, आणि हे सगळं पहाटे.

गवत कापताना त्याच्या उंचीच्या तिसऱ्या भागाहून जास्त एका वेळी घेऊ नका. संकरित हरळी दोन-अडीच सेंटिमीटरवर ठेवतात, साधी तीन ते पाचवर. ब्लेड बोथट असलं की पात्याची टोकं फाटतात आणि दुसऱ्या दिवशी लॉन पांढुरकं दिसतं. लोकांना ते पाण्याची कमी वाटते. इथे ऑक्टोबरात हरळी खरवडून त्यावर थंडीतलं राय गवत पेरतात. आपल्याकडे त्याची गरज नाही, पौष-माघात हरळी थोडी मलूल पडली तर पडू द्या.

छाटणीबद्दल मात्र मला पोटतिडकीने लिहायचं आहे. इथे मेस्क्वीट नावाचं झाड फार, आपल्या वेड्या बाभळीच्याच कुळातलं. वसाहतीत लावल्यावर त्याला बुंध्याशी रोज पाणी मिळतं, ते तीन-चार वर्षांत प्रचंड वाढतं, मुळं मात्र वरच्या फूटभरातच राहतात. त्यात आधाराचे बांबू काढायचे राहून जातात, म्हणजे खोडाला डोलायची आणि जाड व्हायची संधीच मिळत नाही. मग कोणीतरी आतल्या सगळ्या बारीक फांद्या साफ करून फक्त टोकाला पाला ठेवतो. वजन सगळं शेंड्याला. इथला मान्सून १५ जून ते ३० सप्टेंबर धरतात, आणि पावसाआधी धुळीचं वादळ येतं. त्या वादळात हे झाड मुळासकट आडवं होतं, रावेर-यावलला वळवाच्या वाऱ्यात केळी होतात तसं. वादळाला बोल लावतात, पण ते झाड पाणी देणाऱ्याने आणि छाटणाऱ्याने मिळून पाडलेलं असतं.

म्हणून बांबू एका वर्षात काढा. एका वर्षात पाव हिश्शाहून जास्त पाला काढू नका. खालच्या बारीक फांद्या सुरुवातीची काही वर्षं राहू द्या, त्यांनी बुंधा जाड होतो आणि सालीला सावली मिळते. उघड्या पडलेल्या सालीला पश्चिमेच्या उन्हाने चट्टे पडतात, ती फुटते आणि तिथून किडा शिरतो. इथे मोसंबी-संत्र्याच्या खोडांना त्यासाठीच पांढरा रंग देतात. जाड फांदी कापायची तर तीन काप घ्यायचे. पहिला खालून, खोडापासून फूटभर अंतरावर, एक तृतीयांश जाडीपर्यंत. दुसरा वरून, त्याच्या थोडा बाहेर, म्हणजे फांदी खाली पडताना साल ओरबाडत नाही. मग उरलेला खुंट शेवटच्या कापात काढायचा. फांदी खोडाला मिळते तिथे एक फुगीर कडं असतं, काप त्या कड्याच्या बाहेर बसला पाहिजे. कडं राहिलं तर जखम भरून येते, कड्यासकट कापलं तर भरत नाही, आणि लांब खुंट ठेवला तर कुजतो. वर डांबर-रंग काही लावू नका.

कण्हेर आणि बोगनवेल यांचे दर महिन्याला गोल गोळे करणारा माळी ठेवू नका. फुलं नव्या फुटीच्या टोकाला येतात, तीच तो कापत राहतो. वर्षातून एकदा, थंडी सरल्यावर, आतून एकेक फांदी काढली की झुडूप आपल्या आकारात राहतं. हे जागा बघून रोप लावलं तरच जमतं. दोन मीटर पसरणारी कण्हेर हातभर वाफ्यात लावली तर माळी तरी काय करणार?

तणाचं थोडक्यात. खडी टाकलेल्या भागात इथे वर्षातून दोनदा उगवणीआधीचं तणनाशक मारतात, पेंडीमिथॅलिन, आपले लोक कपाशीला वापरतात तेच. आपल्याकडे मृगाच्या आधी आणि सप्टेंबरअखेर मारा, डब्यावर लिहिलेल्या मात्रेनेच. मारल्यावर लगेच दहा-बारा मिलिमीटर पाणी हवं, नाहीतर ते उन्हात वरच्या वर उडून वाया जातं. उगवलेल्या तणावर ते चालत नाही.

नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या तर लोह कमी पडतंय असं सगळे सांगतील. आधी पाण्याचं अंतर वाढवून पंधरा-वीस दिवस बघा. चुनखडीच्या जमिनीत लोह असतं, पण सतत ओल राहिली की मुळांना ते घेता येत नाही. तरीही द्यावंच लागलं तर लोहाचं ईडीडीएचए चिलेट, म्हणजे मुळांना घेता येईल असं बांधलेलं लोह, घ्या, तांबूस-तपकिरी भुकटी असते. स्वस्तातलं ईडीटीए आपल्या विम्ल जमिनीत टिकत नाही.

ठेका देताना एक गोष्ट करारात लिहून घ्या. झाडणारी-कापणारी माणसं आठवड्याला येतील, पण पाण्याचा माणूस वेगळा आणि महिन्यातून एक पूर्ण फेरी त्याचीच. इथे तो प्रत्येक व्हॉल्व्ह दोन-तीन मिनिटं चालवतो, फुटलेल्या, चोंदलेल्या जागी छोटी झेंडी रोवतो आणि मग सगळ्या एकदम दुरुस्त करतो. व्हॉल्व्ह बंदच होत नसेल तर बहुधा डायफ्रॅमखाली, म्हणजे आतल्या रबरी पडद्याखाली, वाळूचा कण असतो. उघडत नसेल तर तो विजेने उघडणाऱ्या २४ व्होल्टच्या सोलेनॉइडचा (तारेच्या वेटोळ्याचा) रेझिस्टन्स मोजायचा, २० ते ६० ओहम आला तर तो ठीक आहे, वायरचा जोड बघा. टायमर घ्यायचाच असेल तर वीज गेल्यावर घड्याळ आणि कार्यक्रम टिकतो असा घ्या. मला विचाराल तर पहिलं वर्ष हाताने फिरवायचे बॉल व्हॉल्व्ह आणि एक वही पुरे. व्हॉल्व्ह नंबर, तारीख, किती तास, गज किती फूट गेला, एवढंच माळ्याने लिहायचं.

खड्डे घेण्याआधी ओपन स्पेसच्या चार कोपऱ्यांत दोन-दोन फूट खणून त्यात पाणी भरा. दुसऱ्या दिवशीही पाणी उभं असेल तर खाली चुनखडीचा किंवा कडक मुरमाचा थर आहे. तो पहारीने आरपार फोडल्याशिवाय तिथे झाड लावू नका. कुठे काय निघालं, बोअरला दाब किती किलो मिळतो आणि पाण्याचा क्षार किती, तो रिपोर्ट आला की मला फोटो पाठवा. जागेची लांबी-रुंदी आणि सध्याची झाडं कुठे आहेत तेही एका कागदावर काढा. त्यावर व्हॉल्व्हची विभागणी मी आखून पाठवते, म्हणजे अक्षय तृतीयेआधी पाइप अंथरून होतील.

काकूंना नमस्कार, लहानांना आशीर्वाद.

तुमची पुतणी,
सुनंदा